दोर कापू नका! प्लॅन बी, आशा आणि स्पर्धा परीक्षा

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न शंभर तऱ्हांनी आलाय. "ताई, अभ्यास होतो, पण आतून काही वाटेनासं झालंय." "ताई, मित्र सेटल झाले, मी अजून पूर्व परीक्षेतच." "ताई, आशा टिकवायची कशी?" आणि त्याच वेळी एक रील सगळीकडे फिरतंय, तुमच्यापैकी कितीतरी जणांनी मला पाठवलंय. त्यातले सर टेबलावर हात आपटून सांगतात, प्लॅन बी ठेवणारा कधीच अधिकारी होत नाही, परतीचे दोर कापून टाका! आज मी यावरच बोलणार आहे, कारण समुपदेशनाला माझ्याकडे येणारी बरीचशी मुलं पुण्यातल्या पेठांमधल्या अभ्यासिकांमधून येतात आणि हे वाक्य त्यांच्या टेबलावर चिकटवलेलं असतं.

आधी नेहमीचं उरकते. झोप पूर्ण घ्या, जेवण चुकवू नका, रोज थोडं चाला, रात्री फोन उशापासून लांब ठेवा. हे तुम्हाला माहीत आहे. आणि ज्यांना जगणंच नकोसं वाटतंय, त्यांनी हा व्हिडिओ इथेच थांबवून 14416 लावा. टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, फुकट आहे, रात्रंदिवस चालू असते, मराठीत बोलता येतं. नंबर स्क्रीनवर ठेवते आहे.

आता मुद्द्याचं. चार्ल्स स्नायडर नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, कॅन्सस विद्यापीठात शिकवायचे. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 मध्ये आशा मोजायची एक प्रश्नावली मांडली. 12 प्रश्न. त्यातले 4 नुसते भरीचे, त्यांचे गुण धरत नाहीत. उरलेल्या 8 पैकी 4 प्रश्न जिद्दीचे आहेत, म्हणजे ठरवलेल्या गोष्टीच्या मी नेटाने मागे लागतो का. आणि बाकीचे 4 वाटांचे. अडचण आली तर त्यातून बाहेर पडायचे किती मार्ग मला सुचतात?

बघा, अर्धे गुण वाटांना आहेत! स्नायडर यांच्या हिशेबात जिद्द कितीही असली आणि वाट एकच असली, तर त्या माणसाची आशा अर्धीच. रीलमधले सर तुम्हाला जिद्दीचे 4 प्रश्न शिकवतात आणि वाटांचे 4 प्रश्न फाडून फेकायला सांगतात.

यावर मागे एकाने लिहिलं होतं, "ताई, तुम्ही मुलांना कच्चं करताय. सूर्याजी मालुसऱ्यांनी दोर कापले म्हणून सिंहगड मिळाला." दादा, तुझ्या मनात त्या गडाबद्दल जे आहे तेच माझ्याही मनात आहे. म्हणून ती गोष्ट अर्धवट सांगितलेली मला सहन होत नाही. दोर कापले ते 1670 च्या फेब्रुवारीत, एका रात्री. मावळे गडावर पोचलेले होते, तानाजी पडले होते, लढाई काही घटकांची उरली होती. आणि कोंढाणा मुळात परत का घ्यावा लागला? कारण 1665 मध्ये पुरंदरच्या तहात महाराजांनी 23 किल्ले दिले होते, त्यात कोंढाणा होता. मिर्झाराजांचा वेढा पडलेला, माणसं मरतायत, तेव्हा महाराजांनी दुसरी वाट घेतली. 12 किल्ले राखले, राज्य राखलं, माणसं राखली. त्याआधी 1660 मध्ये पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले तीही दुसरीच वाट. म्हणून पुढे सिंहगडाची रात्र उगवली. एका रात्रीचं शौर्य सहा-सहा, आठ-आठ वर्षांच्या तयारीला लावू नका. राज्य लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेला खुल्या गटाची वयोमर्यादा 38 आहे, मागासवर्गीयांची 43. इतकी वर्षं दोर कापून कड्यावर उभं राहणं माणसाला झेपत नाही.

हाच मुद्दा आता तारखांच्या बाजूने सांगते. 2024 ची राज्यसेवा पूर्व परीक्षा आठवा. मूळ तारीख 28 एप्रिल. ती गेली. मग 25 ऑगस्ट ठरली, तर त्याच दिवशी आयबीपीएसची, म्हणजे बँक भरतीची परीक्षा. पुण्यात मुलं रस्त्यावर बसली, तीही तारीख गेली, आणि परीक्षा झाली 1 डिसेंबरला. त्या दिवसांत माझ्याकडे आलेल्या एका मुलीच्या वहीत पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात परीक्षेची तारीख होती. ती खोडून खाली दुसरी, तीही खोडलेली. पेनाने इतकं गिरवलं होतं की कागद फाटला होता. ती म्हणाली, "मॅडम, अभ्यासाचा कंटाळा नाही आला, वाट बघायचा आला."

व्हिक्टर फ्रांकल हे व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ, ज्यू होते, 1942 ते 1945 नाझींच्या छळछावण्यांत होते. त्यांनी लिहून ठेवलंय की 1944 चा नाताळ आणि 1945 चा नववर्षदिन यांच्या मधल्या आठवड्यात त्यांच्या छावणीत मृत्यू एकदम वाढले. काम, अन्न, थंडी यांत तसा फरक नव्हता. तिथल्या मुख्य डॉक्टरांचं मत असं की बऱ्याच कैद्यांनी मनाशी धरलं होतं, नाताळापर्यंत आपण घरी पोचू. नाताळ आला आणि गेला. त्यांच्या यातनांशी आपल्या कशाचीच तुलना होत नाही आणि मी ती करत नाहीये. पण आशा एकाच तारखेला बांधली तर ती तारीख हुकल्यावर काय होतं, हे त्यांनी जवळून बघितलं. फ्रांकल यांच्या सांगण्यातून मी घेते ते हे की जगण्याला अर्थ पुढच्या तारखेला मिळत नसतो. तो आज हातात असलेल्या कामात असतो, आज ज्याच्यावर माया आहे त्या माणसात असतो, आणि जे टळत नाही ते आपण कसं सोसतो त्यात असतो.

आता सगळ्यात अवघड पायरी. दुसरी वाट ठेवा म्हटलं की मुलं म्हणतात, "आहे ना मॅडम प्लॅन बी." मी विचारते, काय? उत्तर येतं, "काहीतरी बघू." काहीतरी बघू ही वाट नाही! रात्री दोन वाजता छाती धडधडायला लागते तेव्हा "काहीतरी बघू" उपयोगाला येत नाही.

हिंगोलीकडचा एक मुलगा होता, बीएस्सी ॲग्री. त्याच्या कागदावर हेच लिहिलेलं. आम्ही बसलो आणि मी फक्त तीन प्रश्न विचारत राहिले. काय? कुठे? पहिला फोन कोणाला? तासाभराने कागदावर आलं : कृषी सेवा केंद्र. खतं आणि कीटकनाशकं विकायच्या परवान्याला कृषीचं शिक्षण लागतं, ते त्याच्याकडे होतं, आणि त्याच्या ते लक्षातच आलं नव्हतं. मामांच्या गाळ्याचं भाडं किती, परवान्याला कोणते कागद, कृषी विभागात कोणाला विचारायचं, सगळं त्याच्याच अक्षरात. खाली मामांचा नंबर. पुढच्या आठवड्यात तो आला आणि म्हणाला, मामांना फोन केला, ते म्हणाले परीक्षा दे आधी, गाळा कुठे पळतोय. मुख्य परीक्षेचा अभ्यास त्याने एक दिवसही सोडला नाही. उलट पहिल्यांदाच नवीन वर्णनात्मक, म्हणजे सविस्तर उत्तरं लिहायच्या पेपरचं उत्तर पूर्ण लिहून तपासायला दिलं, कारण चुकायची भीती कमी झाली होती.

तर आजचं काम हेच. कागद घ्या. काय, कुठे, पहिला फोन कोणाला. आणि हे निकालाच्या आधी लिहायचं. निकालानंतर डोकं चालत नाही, तेव्हा सुचते ती वाट नसते, पळवाट असते.

काही जण विचारतात, मग तोवर जगायचं कशासाठी, पोस्ट मिळेपर्यंत सगळं थांबलेलंच आहे. मला याचा खरंच त्रास होतो. तुम्ही रूममेटला ताप आल्यावर त्याच्यासाठी डबा आणता. घरमालकांच्या मुलीला गणित शिकवता. अभ्यासिकेत नवीन आलेल्या मुलाला जुन्या नोट्स देता. ते आयुष्य नाही का? तुमच्या गावातल्या दहावीच्या एका पोराला दर रविवारी फोनवर अर्धा तास इतिहास शिकवा. तुमचीही उजळणी होईल, आणि आठवड्यात एक माणूस असा असेल ज्याला तुमच्या निकालाशी काही देणंघेणं नाही, तुम्ही हवे आहात.

शेवटी एका आईची कमेंट, कारण ती वाचून मी बराच वेळ तशीच बसले. "मुलगा पुण्यात असतो. फोनवर काय बोलू? काही विचारलं की चिडतो." काकू, अभ्यासाचं विचारू नका. मेसमध्ये आज भाजी कोणती होती ते विचारा. मग घरचं सांगा. म्हशीला रेडकू झालं, मावशीकडे बारसं आहे, पाऊस लागला, असं काहीही. त्याला कळू द्या की घरात अजून त्याची जागा आहे. आणि एकदा स्पष्ट म्हणा, "पास हो, नापास हो, घर तुझंच आहे." पण हेसुद्धा निकालाच्या आधी म्हणा, काकू. निकालानंतर तेच वाक्य त्याला समजूत काढल्यासारखं लागेल. आज रात्रीच फोन करा.

पुढच्या व्हिडिओत मुलाखतीच्या आदल्या रात्रीबद्दल बोलणार आहे, तुमचे प्रश्न खाली लिहून ठेवा. आणि दुसरी वाट लिहिणार असाल तर पूर्ण लिहा. नुसतं "काहीतरी बघू" दिसलं, तर मी खाली येऊन विचारणार आहे : काय, कुठे, पहिला फोन कोणाला?