आहेराची वही आणि एच-इंडेक्स

अध्यक्षमहाराज, मित्रहो, पत्रिकेवर विषय छापलाय, ‘मेंदूविज्ञानातल्या संशोधकाचं मोल कसं मोजावं?’ तो मी घेणारच आहे. पण आधी थोडं आहेराबद्दल.

आमच्या घरी आईची आहेराची वही होती. लाल पुठ्ठ्याची, खतावणीसारखी लांबट. थोरल्याच्या मुंजीत मावशीकडून पितळी तांब्या, शेजाऱ्यांकडून अकरा रुपये. पुढे त्यांच्याकडे कार्य निघालं की वही उघडायची आणि परतीचा आहेर ठरायचा. सायटेशनचं, म्हणजे एका निबंधात दुसऱ्याच्या निबंधाचा उल्लेख करण्याचं, मला तसंच वाटत आलंय. काही उल्लेख मनापासून केलेले असतात, काही रीत म्हणून, काही ‘नाही घातलं तर रुसतील’ म्हणून. आणि गंमत अशी की ‘अमुक साफ चुकले’ असं लिहिलं, तरी अमुकांच्या खात्यात एक जमा होतोच! युजीन गारफिल्ड यांनी १९६४ साली फिलाडेल्फियाहून सायन्स सायटेशन इंडेक्स, म्हणजे अशा उल्लेखांची सूची, काढला, तो एखादी कल्पना कुठून कुठे गेली याचा माग लागावा म्हणून. पुढे लोक वहीवरून पाहुण्याचीच किंमत करायला लागले.

माझीही केली. बढतीच्या मुलाखतीला मी दोन फायली घेऊन गेले होते. कॉलेजचं नाव घेत नाही, पेन्शन चालू आहे. समितीतल्या एका गृहस्थांनी एकही निबंध उघडला नाही. यादीवर पेन टेकवत, धोब्याचे कपडे मोजावेत तसे मोजत गेले. अकरा भरले. म्हणाले, ‘मॅडम, आणखी चार लागतील.’ मी विचारलं, कशावर लिहू? तर म्हणाले, ‘विषय तुमचा, आकडा आमचा.’ मग मी काय केलं? विद्यार्थ्यांच्या स्मरणशक्तीचं एक सर्वेक्षण हाताशी होतं. त्याच्या भाकरीचे चार चतकोर केले. मुलींची स्मरणशक्ती, मुलांची, शहरातली, खेड्यातली. बढती मिळाली. ते चारही पेपर आजवर एकाच व्यक्तीने उद्धृत केलेत, आणि ती आत्ता तुमच्यासमोर उभी आहे.

हसू नका, मी एकटी नव्हते. २०१८ साली पुण्यातल्याच भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, मान्य यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली १,००९ नियतकालिकं तपासली. त्यातली ८८ टक्के निकृष्ट निघाली. चतकोर खपवणारी दुकानं होतीच की!

आता ज्यांच्यासाठी मी आले त्या बाई. मेंदू आणि स्मृतीच्या अभ्यासक ब्रेंडा मिलनर. जन्म १९१८, मँचेस्टर, कर्मभूमी माँट्रियल. अमेरिकेत हार्टफर्डला स्कोव्हिल नावाचे शल्यचिकित्सक होते. १९५३ साली त्यांनी एका २७ वर्षांच्या तरुणाच्या फिट थांबाव्यात म्हणून मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी घडवणारा, भाग काढला. फिट कमी झाल्या, पण नवीन काही लक्षात राहीनासं झालं. मिलनरबाई माँट्रियलहून रेल्वेने हार्टफर्डला जायच्या. दर वेळी तो त्यांना पहिल्यांदाच भेटत असे.

एकदा त्यांनी त्याला दुहेरी रेघेची चांदणी दिली. दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची, पण हात आरशात बघूनच. करून बघा, पेन्सिल कोपऱ्यावर अडते आणि भलतीकडेच पळते. तीन दिवस सराव झाला. तिसऱ्या दिवशी त्याचा हात सफाईने फिरला, आणि त्याला मात्र आपण हे आधी कधी केल्याचं आठवत नव्हतं. हाताची स्मृती वेगळी, प्रसंगांची वेगळी! मी हे तीस वर्षं वर्गात सांगितलं, आणि दर वर्षी शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करायची.

त्या रुग्णाविषयीचा मूळ निबंध १९५७चा. लेखक स्कोव्हिल आणि मिलनर. उल्लेख हजारोंनी झाले. पण पहिलं नाव शल्यचिकित्सकाचं. आमच्याकडच्या गुणपद्धतीत पहिल्या नावाला मोठा वाटा असे. मिलनरबाई आमच्या समितीपुढे बसल्या असत्या तर… अरे, चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं.

तर भराभर सांगते. एच-इंडेक्स काढला होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने, २००५ साली. तुमच्या २० निबंधांना प्रत्येकी किमान २० उल्लेख असले तर तुमचा एच २०. बेत चांगला होता. नुसती संख्या नको, एखादाच गाजलेला पेपरही नको. पण आता हिशोब बघा. १९५७चा तो एकच निबंध लिहून कोणी थांबलं असतं, तर उल्लेख हजारो आणि एच फक्त १. माझ्या चतकोरांनाही, स्वतःच स्वतःचा आहेर केल्यामुळे, १ मिळालाच. दोघी बरोबरीत!

दुसरं, कशाला उल्लेख मिळतात ते बघा. लंडनचे मेंदूशास्त्रज्ञ कार्ल फ्रिस्टन यांच्या उल्लेखांचे आकडे डोळे फिरवणारे आहेत. त्यातले बरेच मेंदूची चित्रं तपासण्याच्या त्यांच्या एसपीएम या संख्याशास्त्रीय साधनामुळे. साधन वापरणारा प्रत्येकजण नाव घेणारच. ते काम मोठंच आहे, पण शोध आणि अवजार एका तागडीत कसे तोलायचे?

तिसरं, २००६ साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात अल्झायमरवरचा एक निबंध आला. दोन हजारांवर उल्लेख झाले. चित्रांत फेरफार आढळल्याने २०२४ मध्ये तो मागे घेतला. अठरा वर्षं वहीत आहेर मांडला जात होता.

मग मोजायचंच नाही का? मोजा, पण फाईल उघडून. अर्जदाराचे उत्तम तीन निबंध मागवा, वाचा, आणि त्याला विचारा की यातलं तुझं नेमकं काय. वेळ लागेल. समितीच्या चहाला लागतो त्याहून फार नाही.

एक राहिलंच. तो रुग्ण. सगळ्या निबंधांत ‘एच. एम.’ एवढंच. हेन्री मोलेसन हे नाव जगाला कळलं ते २००८ मध्ये, तो गेल्यावर. त्याचा एच-इंडेक्स नाही.

हो हो, थांबते. दाराजवळच्या टेबलावर मी घरून आरसा आणून ठेवलाय आणि चांदणीच्या वीस प्रती. चहा घेता घेता काढून बघा. पेन्सिली मात्र दोनच आहेत, त्या परत द्या.