फील्ड, पीस आणि एक वही

(दृश्य: पहाट. बॅरकबाहेर बुटांची रांग. लांबून शिट्टी.)

जवानाला अभ्यासाला वेळ कुठला, असं सगळेच म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. पी.टी., परेड, ड्युटी, संध्याकाळचा रोल कॉल, सगळं उरकून झोपायच्या आधी तासभर निघतो. कॉलेजातल्या पोराला तरी रोज तेवढा कुठे निघतो? फौजेत मिळत नाही ते सलग वर्ष. आज कोर्सला नाव, उद्या बंदोबस्त, परवा पलटणच हलते.

आपण एक शिपाई धरू. साताऱ्याकडचा, बारावी करून १९व्या वर्षी, २०२२च्या आधी, भरती झालेला. बढती नाही मिळाली तर शिपायाची नोकरी १७ वर्षांची. म्हणजे ३६व्या वर्षी हा माणूस पेन्शन घेऊन घरी. पोरगी तेव्हा पाचवी-सहावीत. पुढची वीस-बावीस वर्षं करायचं काय? बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राहायचं, हे उत्तर गावात तयारच असतं. याला ते नकोय. याला आयटीत जायचंय.

(दृश्य: भिंतीवरचा नकाशा. दोन टाचण्या.)

फौजी आयुष्याचे दोन ऋतू. फील्ड आणि पीस. फील्ड म्हणजे सीमेकडची नेमणूक: कुपवाडा, तवांग. पीस म्हणजे शहरातली शांत छावणी: पुणे, जबलपूर, सिकंदराबाद. साधारण दोन-तीन वर्षांनी ऋतू बदलतो. अभ्यासाचं वेळापत्रक या ऋतूंवर बसवायचं, कॅलेंडरवर नाही.

इग्नू या मुक्त विद्यापीठाचं बीसीए, म्हणजे संगणकाची पदवी, किमान तीन वर्षांत होतं, पण त्याला सहा वर्षांपर्यंत मुदत असते. बाहेरच्या माणसाला ही मुदत आळशांची सोय वाटेल. जवानाला तिच्यात एक फील्ड आणि एक पीस बसवता येतं. सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. वर्षाला ६० दिवसांची वार्षिक रजा आणि ३० दिवसांची किरकोळ. लग्नसराई, गावची यात्रा आणि परीक्षा, तिन्ही त्यातच. यात्रेवर पाणी सोडावं लागतं. भाऊबंद रुसतात.

(दृश्य: बंकरमधला पिवळा दिवा. वहीवर पेन्सिल.)

फील्डमध्ये नेटचा भरवसा नाही. फोन लॉकरमध्ये. स्वतःचा लॅपटॉप, पेन ड्राइव्ह या गोष्टी परवानगीशिवाय नाहीतच, आणि हे बरोबरच आहे. २०२० साली फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ ॲप्स फोनमधून काढायला सांगितली गेली, ती काही गंमत म्हणून नाही. मग संगणक संगणकाशिवाय शिकायचा कसा?

वहीत. नेटवर्किंगमधलं सबनेटिंग, म्हणजे मोठ्या नेटवर्कचे लहान तुकडे पाडणं, हे निव्वळ गणित आहे. यंत्राचा पत्ता ३२ बिटांचा (बिट म्हणजे शून्य किंवा एक), त्यातले २६ नेटवर्कचे, उरले सहा. दोनचा सहावा घात ६४. पहिला आणि शेवटचा सोडला की यंत्रांना द्यायला ६२ पत्ते. अशी शंभर गणितं पेन्सिलीनं सोडवलेला गडी पीसमध्ये येऊन खऱ्या राउटरसमोर बसला की अडखळत नाही. बायनरी, अल्गोरिदम, डेटाबेसचे नियम, हा सगळा कागदावरचा माल. हात चालवायचं काम पीसमध्ये.

आता सिग्नल कोअरचा, म्हणजे फौजेचा संपर्क सांभाळणाऱ्या दलाचा, जवान. १९११पासूनची ही कोअर. गोव्यात, जबलपूरला तिची प्रशिक्षण केंद्रं, महूला अभियांत्रिकी कॉलेज. हा गडी रोज तारा, रेडिओ, नेटवर्क हाताळतो. त्याची अडचण उलटी. काम येतं, पण कंपनीतल्या एचआरच्या बाईंना त्याच्या ट्रेडचं नाव वाचून काही कळत नाही. आणि काय सांभाळलं, कुठे सांभाळलं, ते तो सांगूही शकत नाही. त्याला कागद हवा, म्हणजे पदवी किंवा सर्टिफिकेट; इन्फंट्रीच्या, म्हणजे पायदळातल्या, गड्याला सराव. दोघांना एकच सल्ला देणारा माणूस दोघांनाही बुडवतो.

कागदाचंही गणित आहे. पदवी शिळी होत नाही. सिस्को कंपनीचं सीसीएनए हे नेटवर्किंगचं सर्टिफिकेट मात्र तीन वर्षांत संपतं. नोकरीच्या दहाव्या वर्षी हौसेनं केलं, तर पेन्शनच्या दिवशी ते रद्दी. म्हणून पदवी आधी, सर्टिफिकेट निघायच्या तोंडावर.

शेवटच्या वर्षी डी.जी.आर.चे, म्हणजे सैनिकांच्या पुनर्वसन महासंचालनालयाचे, कोर्स असतात. जवानांची फी सरकार भरतं. उत्तम सोय. पण काही महिन्यांचा कोर्स भाजीला फोडणी देतो. भाजी आधी शिजलेली लागते. अजून एक फसगत: १५ वर्षं सेवा झालेल्या दहावी पास माजी सैनिकाला गट क च्या काही सरकारी पदांसाठी पदवीधर धरतात. तेवढ्यावर निर्धास्त राहिलेले पुष्कळ. एमसीएच्या (संगणकातल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रवेशाला किंवा हिंजवडीतल्या कंपनीला ती पदवी चालत नाही.

२०२२पासूनच्या अग्निवीराला तर चारच वर्षं. चारातले तिघे पंचविशीच्या आसपास बाहेर. इग्नूनं त्यांच्यासाठी काढलेल्या पदवीत निम्मे क्रेडिट सेवेतल्या प्रशिक्षणाचे धरतात. पण त्याला ऋतू बदलण्याची वाट पाहता येत नाही. वही पहिल्या वर्षीच उघडावी लागते.

(दृश्य: गावचं घर. ओट्यावर पोस्टाचं पाकीट.)

आपल्या शिपायानं इग्नूच्या पुस्तकांसाठी पत्ता गावचा दिलेला. पलटणीचा पत्ता ५६ ए.पी.ओ., म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय; पलटण हलली की पार्सल तिच्या मागे मागे फिरतं. मोबाइल नंबरही बायकोचा.

डिसेंबरच्या परीक्षेचा फॉर्म. पीसमधला कॅफे. केंद्र सातारा, कारण रजा तेव्हाच मंजूर झालीय.

"ओटीपी आला का गं?"

"थांबा, चष्मा घेते. पोस्टमन विचारत होता, घरात शिकतंय कोण म्हणून."

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, पोरीचा बाप. हं, लिहून घ्या. चार, शून्य, सात..."