वेगवान गाडीला टिकाऊ टायर

श्रोतेहो, नमस्कार.

चाकणच्या कारखान्यात तयार होणारी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी किंवा दीड लिटर टर्बो इंजिनाची स्कोडा स्लाव्हिया आज आपल्याकडे बऱ्याच घरांत आहे. १५० अश्वशक्ती, २५० न्यूटन मीटर टॉर्क, आणि ही सगळी ताकद पुढच्या दोन चाकांवर. अशा गाडीचे कंपनीतून आलेले टायर झिजत आले, की मालक दुकानात जातो आणि विचारतो, "सगळ्यात जास्त चालणारा टायर कोणता?" दुकानदार एक नाव सांगतो, भाव ठरतो, तासाभरात टायर बसतात. माझं म्हणणं असं, की जोरदार गाडीच्या मालकाने हा प्रश्न अर्ध्यावर सोडू नये. टायर किती किलोमीटर चालेल हे विचाराच, पण त्यातले किती किलोमीटर तो ओल्या रस्त्यावर गाडी धरून ठेवेल, तेही विचारा.

पकड येते कुठून? ब्रेक दाबला किंवा स्टिअरिंग वळवलं, की टायरच्या नक्षीचं रबर रस्त्याच्या बारीक खडबडीत दाबलं जातं, ताणलं जातं आणि परत जागेवर येतं. या ताणाताणीत थोडी ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. पकड मिळते ती याच व्यवहारातून. रबर जितकं मऊ, तितकी पकड चांगली, पण झीजही लवकर. टायरचे अभियंते ओल्या रस्त्यावरची पकड, आयुष्य आणि पेट्रोलची बचत यांना एका त्रिकोणाची तीन टोकं मानतात. एक टोक ओढलं, की दुसरं आखडतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मिशेलिनने नक्षीच्या रबरात काजळीच्या जोडीला सिलिका, म्हणजे वाळूच्या जातीची बारीक पूड, मोठ्या प्रमाणात वापरायला सुरुवात केली, तेव्हा हा त्रिकोण मोठा झाला. पुढे सगळ्यांनीच ती वाट धरली. म्हणून आजचा चांगला टायर पकडही देतो आणि बरा टिकतोही. पण कोणी फक्त "एक लाख किलोमीटर चालेल" एवढंच सांगत असेल, तर त्याने त्रिकोणाचं कुठलं टोक सोडलं आहे, ते विचारायला हवं.

उन्हाळ्यात हा फरक लक्षातही येत नाही. कोरड्या डांबरावर कडक रबराचा टायरसुद्धा ठीक थांबतो. फरक दिसतो जूनच्या पहिल्या सरींना, रस्त्यावरची धूळ आणि सांडलेलं तेल पाण्यात मिसळतं तेव्हा. ताम्हिणी किंवा आंबोलीच्या घाटात, धुक्यात, वळणावर. सव्वा टनाची गाडी तेव्हा चार तळहातांएवढ्या रबरावर उभी असते. गाडीत ब्रेक दाबताना चाकं जाम होऊ न देणारी एबीएस आहे, स्थिरता सांभाळणारी यंत्रणा आहे, हे खरं. पण टायरमध्ये जेवढी पकड आहे, तेवढीच या यंत्रणा वापरू शकतात. नसलेली पकड त्या कुठून आणणार?

आता पैशांचं बोलू, कारण निर्णय शेवटी तिथेच होतो. समजा, एक संच २४,००० रुपयांना मिळतो आणि ४०,००० किलोमीटर चालतो. किलोमीटरला ६० पैसे पडले. दुसरा, चांगल्या पकडीचा, ३२,००० रुपयांना मिळतो आणि ३२,००० किलोमीटर चालतो. किलोमीटरला एक रुपया. फरक ४० पैशांचा. आता हीच गाडी लिटरला १४ किलोमीटर देत असेल आणि पेट्रोल शंभरच्या पुढे असेल, तर प्रत्येक किलोमीटरला सात रुपयांहून जास्त पेट्रोल जळतं. म्हणजे आपण ज्या ४० पैशांसाठी घासाघीस करतो, ते पेट्रोलच्या खर्चाच्या सतराव्या हिश्श्याएवढेही नाहीत. घरची माणसं मागच्या सीटवर बसलेली असताना ही बचत करावी, असं मला मुळीच वाटत नाही.

टायरच्या बाजूवर बरंच काही छापलेलं असतं. व्हर्टस जीटीचा आकार आहे २०५/५५ आर १६. त्यापुढे ९१ व्ही असं असतं. ९१ म्हणजे एका टायरने पेलायचं वजन, ६१५ किलो. व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतची क्षमता. पुष्कळ जण म्हणतात, आम्ही कुठे २४० ने जातो? पण हे अक्षर टायर उष्णता किती सोसतो, त्याचंही आहे. मे महिन्यात समृद्धी महामार्गावर ताशी १२० ने, तापलेल्या काँक्रीटवर, भरल्या गाडीने तासन् तास जाताना ती सोसण्याची ताकद कामी येते. त्यामुळे वजनाचा आकडा किंवा वेगाचं अक्षर कंपनीने दिलंय त्याच्या खालचं घेऊ नका, मग टायर कितीही टिकाऊ असो.

काही टायरांवर 'ट्रेडवेअर', म्हणजे टिकाऊपणाचा, आकडा असतो. ३००, ४००, ५४० असा. ही अमेरिकी सरकारची पद्धत. टेक्सासमध्ये सॅन अँजेलो गावाजवळच्या ठरलेल्या रस्त्यांवर गाड्यांचा ताफा सुमारे साडेअकरा हजार किलोमीटर चालवतात आणि १०० धरलेल्या प्रमाण टायरशी झीज ताडून पाहतात. आकडा मात्र टायर कंपनी स्वतःच ठरवून छापते. एकाच कंपनीचे दोन टायर ताडायला तो उपयोगी आहे. दोन कंपन्यांमध्ये त्यावर फार विसंबू नये. अमेरिकेतले नातेवाईक सांगतात, आमच्याकडे टायरला ८०,००० किलोमीटरची वॉरंटी मिळते. तेही खरं आहे. काँटिनेंटलच्या एक्स्ट्रीमकाँटॅक्ट डीडब्ल्यूएस ०६ प्लसला तिकडे ५०,००० मैलांची वॉरंटी आहे. पण तो हलक्या बर्फातही चालेल असा बारमाही टायर आहे, आणि त्यांच्या रस्त्यांवर आपल्यासारखे खड्डे आणि गतिरोधक नाहीत.

मग घ्यायचा कोणता? रोजच्या वापराच्या दीडशे अश्वशक्तीच्या गाडीला मी वरच्या दर्जाचा टूरिंग, म्हणजे आरामशीर प्रवासासाठीचा, टायर सुचवीन. मिशेलिन प्रायमसी, काँटिनेंटलचा अल्ट्राकाँटॅक्ट, योकोहामाचा अ‍ॅडव्हान डीबी, ब्रिजस्टोन टुरांझा ही या वर्गातली नावं. ओल्यात पकड चांगली आणि आयुष्यही समाधानकारक. ऑक्टाव्हिया आरएससारखी खरोखर तडफदार गाडी असेल आणि ती तशी चालवत असाल, तर मिशेलिनच्या पायलट स्पोर्टसारखा स्पोर्ट्स टायर घ्या आणि तो लवकर झिजणार हे आधीच धरून चाला. मात्र जून २०२० पासून परदेशी टायरांच्या आयातीला परवाना लागतो, त्यामुळे मोठ्या आकाराचा हवा तो टायर नेहमी मिळतोच असं नाही. आयएसआय शिक्का पाहा. बाजूवर डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटी चार अंक असतात, तेही पाहा. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. गोदामात दोन-अडीच वर्षं पडून राहिलेला टायर पूर्ण किमतीत घेऊ नका. रबर न वापरताही कडक होत जातं.

टायर कितीही चांगला निवडला, तरी त्याचं आयुष्य पुढे आपल्या हातात असतं, आणि सगळ्यात जास्त टायर बिघडलेली अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी, खाते. एका जोरदार खड्ड्याने चाकाचा कोन किंचित बिघडतो. गाडी सरळ जाते, स्टिअरिंग हलत नाही, पण टायर प्रत्येक किलोमीटरला थोडा तिरका घासला जातो. नक्षीवरून हात आडवा फिरवा. एका बाजूने गुळगुळीत आणि उलट फिरवताना करवतीसारखं टोचलं, तर अलाइनमेंट गेली असं समजा. आतली कडाही वाकून पाहायची सवय ठेवा. बाहेरून नक्षी छान दिसते आणि आतून टायर गोटा झालेला असतो, असं स्पोर्टी सस्पेन्शनच्या गाड्यांत फार वेळा घडतं.

हवा गाडी थंड असताना भरा, पेट्रोलच्या झाकणाआड किंवा दाराच्या चौकटीवर लिहिलेली असते तेवढीच. दहा अंश तापमान घटलं, की साधारण दीड पीएसआय हवा कमी दिसते, म्हणून थंडी सुरू झाली की मुद्दाम तपासा. दर आठ-दहा हजार किलोमीटरला टायर मागे-पुढे करा. पुढची चाकं ओढतात, वळतात आणि ब्रेकचा मोठा भारही घेतात, त्यामुळे तीच आधी झिजतात. नक्षी बाणाच्या दिशेची असेल, तर टायर त्याच बाजूला मागे-पुढे होतो, डावा उजवीकडे जात नाही.

नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल असते. कायद्याची मर्यादा १.६ आहे, पण पाणी बाहेर फेकायला तेवढी पुरत नाही. खोली मोजायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं. मे महिन्यात माप तीनच्या खाली असेल, तर पावसाळ्याआधीच टायर बदला. दोनच बदलायचे असतील, तर नवे मागे बसवा, गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाणारी असली तरी. ओल्या वळणावर पुढचे टायर सुटले, तर पाय हळूच उचलून गाडी सावरता येते. मागचे सुटले तर गाडी गिरकी घेते, आणि ती सावरणं सराईत चालकालाही जमेलच असं नाही. दुकानात बहुतेक वेळा नवे टायर पुढे लावतात. तिथे उभं राहून सांगा, मागे लावा.

आणि नवे टायर लागल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर सबुरीने चालवा. साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेल्या पदार्थाचा थर पृष्ठभागावर असतो, तो घासून गेल्यावरच खरी पकड मिळू लागते. बिल जपून ठेवा, त्यावर चारही टायरांचे क्रमांक लिहून घ्या. नमस्कार.