राउटरला कळणारी ओळ

(दृश्य : काळा पडदा. प्रॉम्प्टपुढे कर्सर लुकलुकतोय.)

सिस्को कंपनीच्या राउटरवर, म्हणजे नेटवर्कमधल्या डेटाला वाट दाखवणाऱ्या यंत्रावर, ‘एनेबल’ ही कमांड देऊन आत या आणि सी, ओ, एन एवढी तीनच अक्षरं टाइप करून एंटर दाबा. उत्तर येतं, ‘अँबिग्युअस कमांड’. आता चौथं अक्षर एफ जोडा, स्पेस देऊन पुढे एक टी (‘टर्मिनल’चा) टाका, की तो मुकाट कॉन्फिगरेशन मोडमध्ये, म्हणजे जिथं राउटरची मांडणी बदलता येते तिथं, नेऊन सोडतो. ‘कनेक्ट’ आणि ‘कॉन्फिगर’ हे दोन शब्द स्पेलिंगच्या तिसऱ्या अक्षरापर्यंत एकाच वाटेनं चालतात. वाट फुटते ती चौथ्या अक्षराला. त्याआधी थांबलात तर राउटर अंदाज बांधत बसत नाही, सरळ नाही म्हणतो.

म्हणूनच जुन्या कमांड लाइनमध्ये नवा शब्द घालताना हात आखडता घ्यावा लागतो. आज दोन अक्षरांत ओळखू येणारी कमांड उद्या तीन मागायला लागली, की तोंडपाठ आखूड रूपांवर लिहिलेल्या स्क्रिप्ट एका रात्रीत बंद पडतात.

(दृश्य : कोडची एक ओळ, पडदाभर मोठी.)

ही वाट आखतं कोण, ते उघड्यावर पाहायचं तर एफआरआर हे खुलं राउटिंग सॉफ्टवेअर बघावं. १९९६ साली कुनिहिरो इशिगुरो यांनी सुरू केलेल्या झेब्रा या सॉफ्टवेअरचा वारसा क्वागा या प्रकल्पामार्गे इथं आला. २०१७ पासून हा लिनक्स फाउंडेशनचा प्रकल्प आहे. बीजीपी म्हणजे नेटवर्कांनी एकमेकांना वाटा कळवायची पद्धत. त्यातल्या शेजारी राउटरची ओळख करून देणारी कमांड यात बरीच वर्षं साधारण अशी मांडलेली होती :

नेबर <ए.बी.सी.डी|एक्स:एक्स::एक्स:एक्स|वर्ड> रिमोट-एएस <(१-४२९४९६७२९५)|इंटर्नल|एक्स्टर्नल>

मूळ इंग्रजी ओळीत लहान लिपीतले शब्द (नेबर, रिमोट-एएस, इंटर्नल, एक्स्टर्नल) जसेच्या तसे टाइप करायचे. मोठ्या लिपीतल्या जागा (दोन प्रकारचे आयपी पत्ते आणि ‘वर्ड’) आपण भरायच्या. टोकदार कंसातल्या पर्यायांपैकी एकच घ्यायचा. चौकोनी कंस असता तर तो भाग गाळता आला असता. साध्या कंसातली जोडी म्हणजे आकड्यांची हद्द. एएस नंबर, म्हणजे शेजारच्या नेटवर्कचा क्रमांक, म्हणून शून्य टाकलंत, तर पार्सर (टाइप केलेली ओळ तपासणारा भाग) दारातूनच परत पाठवतो. आतल्या सी फंक्शनपर्यंत ती ओळ पोचतच नाही.

आता यातला ‘वर्ड’ बघा, गोम तिथंच आहे. ‘वर्ड’ म्हणजे कुठलाही शब्द. तो ठेवलाय पीअर-ग्रुपच्या (शेजाऱ्यांच्या गटाच्या) किंवा इंटरफेसच्या (राउटरच्या जोडणीच्या) नावासाठी. १९२.०.२.१ हा पत्ता आयपीच्या जागेतही बसतो आणि ‘वर्ड’मध्येही, पण जी जागा जास्त नेमकी, ती जिंकते. तुम्ही घाईत १९२.०.२.२५६ टाइप केलंत तर? हा आयपी पत्ता नाही. पण शब्द आहे! पार्सर ओळ पास करतो, आणि आतून निरोप येतो : आधी पीअर-ग्रुप किंवा इंटरफेस तयार करा. इंजिनिअर पीअर-ग्रुप शोधत बसतो. चूक असते शेवटच्या आकड्यात.

याच ओळीखाली मदतीचा मजकूर लिहावा लागतो, प्रत्येक घटकाला एक ओळ. मोजा : नेबर, तीन पर्याय, रिमोट-एएस, पुन्हा तीन. आठ. मधली एखादी राहिली की पुढच्या सगळ्या एकेक घर सरकतात, आणि मदतीसाठी प्रश्नचिन्ह दाबणाऱ्याला ‘इंटर्नल’समोर ‘एक्स्टर्नल’चा अर्थ दिसतो. कमांड मात्र बिनबोभाट चालत राहते, त्यामुळे ही चूक महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

(दृश्य : प्रॉम्प्ट बदलत जातो. आधी ‘>’, मग ‘#’, मग कंसात ‘कॉन्फिग’, मग ‘कॉन्फिग-इफ’.)

प्रत्येक मोडमधल्या कमांडचं झाड वेगळं. ‘आयपी ॲड्रेस’ इंटरफेसच्या झाडावर आहे. ‘राउटर ओएसपीएफ’ (वाटा शोधायची आणखी एक पद्धत सुरू करणारी कमांड) आहे एक पायरी वर, ग्लोबल मोडमध्ये. तरीही इंटरफेसमध्ये उभं राहून ‘राउटर ओएसपीएफ १’ टाकलं तर चालतं. आपल्या झाडावर शब्द सापडला नाही की पार्सर वरच्या पायरीवर शोधतो. प्रश्नचिन्हाच्या यादीत तो शब्द दिसत नाही, पण चालतो. ही सोय मुद्दाम आहे. सिस्कोच्या सेव्ह केलेल्या कॉन्फिगमध्ये दर इंटरफेसनंतर ‘एक्झिट’ लिहिलेलं नसतं. मधलं उद्गारचिन्ह ही नुसती कॉमेंट.

सोय आली तसा धोकाही आला. वीस ओळी एकदम पेस्ट केल्या. पहिला इंटरफेस बरोबर, दुसऱ्याच्या नावात चूक. दुसरी ‘इंटरफेस’ ओळ नाकारली गेली, पण आपण अजून पहिल्यातच उभे. पुढची ‘आयपी ॲड्रेस’ ओळ पहिल्याच इंटरफेसवर जाऊन बसते. त्याच पत्त्यावरून तुम्ही लांबून लॉगिन केलं असेल, तर पडदा तिथंच गोठतो. म्हणून लांबच्या राउटरला हात लावण्याआधी ‘रीलोड इन १०’ टाकून ठेवतात. काम नीट झालं तर ‘रीलोड कॅन्सल’. संपर्क तुटला तर दहा मिनिटांनी राउटर जुन्या, सेव्ह केलेल्या कॉन्फिगवर उठतो. ज्युनिपर कंपनीच्या राउटरवरच्या जुनोस या प्रणालीत ही गोष्ट रचनेतच आहे : ‘सेट’नं केलेले बदल आधी कच्च्या प्रतीत जातात, आणि ‘कमिट कन्फर्म्ड’ला दहा मिनिटांत दुजोरा मिळाला नाही तर ते आपोआप मागे फिरतात.

(दृश्य : ॲक्सेस-लिस्ट १०१, बारा ओळी.)

दिलेली कमांड रद्द करणारा ‘नो’ हा या भाषेतला सगळ्यात जपून वापरायचा शब्द. हुआवेकडे तो ‘अनडू’ आहे, जुनोसमध्ये ‘डिलीट’. सिस्कोवर क्रमांकाच्या ॲक्सेस-लिस्टमधली (कुठला डेटा जाऊ द्यायचा, कुठला अडवायचा त्या नियमांच्या यादीतली) एकच ओळ काढायची म्हणून ती आख्खी कॉपी केली, पुढे ‘नो’ लावला आणि ग्लोबल मोडमध्ये टाकली, तर बाराच्या बारा ओळी जातात. ‘नो’ लागतो तो १०१ या यादीला, त्या ओळीला नाही. एकच ओळ काढायची तर ‘आयपी ॲक्सेस-लिस्ट एक्स्टेंडेड १०१’मध्ये शिरून तिचा अनुक्रमांक देऊन ‘नो’ लावायचा.

कमांड लिहिणाऱ्यानं दुसरी बाजूही सांभाळायची असते. माणसं जुनी ओळ उचलून पुढे ‘नो’ लावणारच. तेव्हा ‘नो’च्या रूपात शेवटची किंमत ऐच्छिक ठेवावी : असली तरी चालेल, नसली तरी चालेल.

आणि एक फंक्शन हमखास विसरलं जातं, कॉन्फिग लिहून काढणारं. एफआरआरमध्ये मोडसाठी ते लिहावं लागतं. त्यात नव्या कमांडची नोंद नसेल तर ती टाइप करताच काम करते, ‘शो रनिंग-कॉन्फिग’मध्ये मात्र उमटत नाही, आणि रीस्टार्टनंतर नाहीशी होते. म्हणून तपासणी अशी करायची : नवी कमांड द्या, रनिंग-कॉन्फिग छापून घ्या, ती कोऱ्या राउटरवर पेस्ट करा आणि पुन्हा छापा. दोन्ही छाप्यांत एका स्पेसचाही फरक पडला, तर कोड परत उघडायचा.