सकाळी साइट, दुपारी वर्ग

नमस्कार श्रोतेहो. आर्किटेक्टनं शिकवावं, की आपलं ऑफिस सांभाळावं? मला कुणी ना कुणी हे विचारतंच. मी म्हणतो, दोन्ही करावं. सकाळी साइट, दुपारी वर्ग.

बाळकृष्ण दोशींनी हेच केलं. जन्म पुण्याचा, १९२७ चा. पॅरिसला ल कॉर्बुझिए या जगप्रसिद्ध आर्किटेक्टच्या हाताखाली काम केलं, अहमदाबादेत स्वतःचं ऑफिस काढलं आणि १९६२ साली तिथंच वास्तुकलेचं विद्यालय सुरू केलं. २०१८ साली प्रित्झ्कर पारितोषिक मिळालं, आर्किटेक्टांचा जगातला सर्वात मोठा मान. भारतात ते पहिल्यांदाच आलं. इंदूरच्या अरण्य वसाहतीत त्यांनी गरिबांना जोतं आणि संडास-मोरी बांधून दिली. पुढचं घर ज्यानं त्यानं ऐपतीनं वाढवायचं.

अरण्य शिकवून झालं की मी वर्गाला काम देतो: आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकराचं घर. खाली माग, वर बिऱ्हाड.

एका मुलीनं फार देखणं ड्रॉइंग आणलं. पश्चिमेला अख्खी काच. (सोलापुरात काचेच्या इमारती बांधणाऱ्यांना मे महिन्यात आतच बसवून ठेवावं, असं माझं मत आहे. एसी बंद करून.) म्हटलं, गुंडाळ कागद आणि चल. अख्खा वर्ग घेऊन एका विणकर मामांच्या घरी गेलो.

मामांनी माग बंद केला, तेव्हा कुठं बोलणं ऐकू आलं. कागद न्याहाळून विचारलं, "छत किती उंच धरलंय?"

"साडेनऊ फूट, मामा."

मामांनी नुसतं वर बोट केलं. मागाच्या डोक्यावर जॅकार्ड. त्यातून शेकडो दोऱ्या खाली आलेल्या. चादरीवरची नक्षी उठते ती ह्याच्यामुळं. "मग ह्याला काय गच्चीवर ठिवू?"

पोरं हसली. मामा पुढं म्हणाले, "आन् ही काच नको गं बाळ. उन्हानं सूत वाळतंय, वाळलं की तुटतंय."

घरातल्या मावशी दारातच बसलेल्या. मांडीवर सूप, त्यात कातरलेली तेंदूची पानं आणि तंबाखू. हात थांबत नव्हता. "मी कुठं बसू तुझ्या घरात? विड्या वळायला उजेड लागतो." मुलीनं कागद पाहिला. दाराशी तिनं जिना काढला होता.

म्हणून सांगतो, सकाळी साइट, दुपारी वर्ग. हा धडा फळ्यावर मिळत नाही.

नव्या ड्रॉइंगमध्ये खालचा मजला तेरा फुटांचा झाला, पश्चिमेची भिंत बंद, उत्तरेला खिडक्या, दाराशी ओटा. मामांना आवडलं. "झ्याक. पण कर्ज कोण देतंय?"

अभ्यासक्रमात एस्टिमेट आहे, बँक नाही. हल्ली माझ्या एका तासाला पोरं हप्ता किती बसतो, ते काढतात. बांधकामाचा तास थोडा मागं पडतो, पडू दे.

नमस्कार.