लाल पोशाख आणि एक किंकाळी

(पडद्यावर: १९५७ च्या मासिकाचं मुखपृष्ठ. लाल पोशाखातली तरुणी.)

हा पोशाख आधी मेरिलिन मन्रोनं घातला होता, १९५३ च्या एका चित्रपटात. तीन वर्षांनी हॉलिवूडनं तोच कृष्णवर्णीय जॅझ गायिका अ‍ॅबी लिंकनला घालायला दिला. ‘द गर्ल कान्ट हेल्प इट’मध्ये तिच्या वाट्याला एक गाणं आलं. बघणाऱ्यांच्या लक्षात राहिला तो पोशाख.

खरं नाव अ‍ॅना मेरी वूल्ड्रिज. जन्म १९३०, शिकागो. बारा भावंडांत दहावी, मिशिगनच्या खेड्यात वाढलेली. नवं नाव दिलं गीतकार बॉब रसेल यांनी. अर्धं वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीवरून, अर्धं अब्राहम लिंकनवरून. गंमत म्हणून ठेवलेलं हे नाव पुढं तिनं भलतंच मनावर घेतलं.

तो लाल पोशाख तिनं जाळून टाकला.

(पडद्यावर: ड्रम. नुसता ड्रम.)

१९६०. ड्रमवादक मॅक्स रोच यांची ‘वी इन्सिस्ट!’ ही रेकॉर्ड, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी. तिच्या एका भागात फक्त दोघं: त्याचा ड्रम, तिचा गळा. शब्द एकही नाही. आधी प्रार्थना, मग निषेध, शेवटी शांती. निषेधाच्या जागी अ‍ॅबी किंचाळते. एकदा नाही, पुन्हा पुन्हा, मिनिटभराहून जास्त. ऐकताना आपला हात आपोआप आवाज कमी करायला जातो. करू नका.

दोघांनी १९६२ मध्ये लग्न केलं, १९७० मध्ये ते वेगळे झाले. १९६१ नंतर तिच्या स्वतःच्या नावाची पुढची रेकॉर्ड ध्वनिमुद्रित झाली थेट १९७३ मध्ये, तीही टोकियोत.

मधल्या काळात पडद्यावर ती दिसली. १९६४ च्या ‘नथिंग बट अ मॅन’मध्ये ती शाळामास्तरीण आहे, धर्मोपदेशकाची मुलगी. रेल्वेच्या रुळांवर काम करणाऱ्या मजुराशी लग्न करते. नटवणं नाही, गाणंही नाही. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर थांबतो आणि तेवढं पुरतं. माझ्या मते तिचं सर्वांत चांगलं काम हेच. १९६८ मध्ये सिडनी पॉइटियेबरोबर ती नायिका झाली, गोल्डन ग्लोबचं नामांकनही मिळालं. भूमिका मात्र मोलकरणीची.

साठीला टेकल्यावर, १९९० मध्ये, व्हर्व्ह कंपनीकडून नवी रेकॉर्ड आली. आवाज जाडसर झालेला, गाण्यांत स्वतः लिहिलेलीही. पुढची बरीच वर्षं लोक तो आवाज ऐकायला येत राहिले. २०१० मध्ये ती गेली.

(पडद्यावर: घरातली खोली, हातात ट्रम्पेट घेतलेला मुलगा.)

त्याच १९९० मध्ये स्पाइक लीच्या चित्रपटात ती आई झाली. बाहेर मित्र हाका मारताहेत, मुलाला खेळायला जायचंय. आई जागची हलत नाही. आधी रियाज पुरा कर.