दमणारी मुलं, न दमणारी मुलं आणि धमन्या

नमस्कार मंडळी. नववी-दहावीतल्या मुलाला घेऊन आईवडील ओपीडीत येतात तेव्हा तक्रार बहुतेक वेळा ठरलेली असते, डॉक्टर हा सारखा दमतो हो, शाळेतून आला की आडवाच होतो, आणि मग जरा आवाज खाली आणून विचारतात, याच्या आजोबांना फार लवकर अटॅक आला होता, तसलं काही नसेल ना? आता हे दोन वेगळे प्रश्न आहेत, पण ते एकात एक गुंतलेत, आणि मला आज ते सुटे करायचेत, कारण तसेच राहिले तर दमणाऱ्या मुलाचा ईसीजी निघतो आणि त्याच्या ठणठणीत भावाकडे कोणी बघतसुद्धा नाही.

थकव्याचं आधी बोलू. वयात येताना झोपेची वेळच पुढे सरकते, झोप आणणारं मेलाटोनिन हार्मोन रात्री उशिरा वाढायला लागतं, त्यात शाळा सकाळी सातची, म्हणजे झोप बुडणारच. दुसरं म्हणजे रक्त कमी असणं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के मुलींना ॲनिमिया होता, मुलांमध्ये 31 टक्के, त्यामुळे आधी हिमोग्लोबिन बघा, थायरॉईड बघा, आणि मुलाशी नीट बोला. काही मुलं मात्र व्हायरल आजारानंतर महिनोन्महिने उठू शकत नाहीत, रिपोर्ट सगळे नॉर्मल, आणि घरचे म्हणतात नाटकं करतोय. ती नाटकं नसतात हो. नॉर्वेत व्हेगार्ड वायलर यांच्या टीमने अशा 120 मुलामुलींवर ट्रायल केली होती, टीमला वाटत होतं की शरीर सतत अलर्टवर राहतंय म्हणून हा थकवा येतो, मग क्लोनिडिन नावाचं औषध देऊन ते शांत करून बघू. 2014 साली रिझल्ट आले तर औषध घेणारी मुलं उलट कमी पावलं चालत होती! म्हणजे तो अलर्टपणा बहुधा शरीराची सावरायची धडपड होती. मला ही ट्रायल फार मोलाची वाटते, कारण इतकी पटणारी कल्पनासुद्धा त्यांनी तपासून बघितली आणि चुकली तर तसं छापलं.

आता धमन्या, म्हणजे आजोबांच्या अटॅकचा प्रश्न. फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया, म्हणजे घराण्यातून येणारं जास्तीचं कोलेस्टेरॉल, आपण एफएच म्हणू. लिव्हरच्या पेशींवर एलडीएल रिसेप्टर असतात, रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, पकडून आत ओढणारे हुकच म्हणा ना. ब्राऊन आणि गोल्डस्टीन या शास्त्रज्ञांनी टेक्सासमध्ये डॅलसला हे शोधून काढलं, 1985 चं नोबेल त्यासाठीच. आईकडून किंवा वडिलांकडून बिघडलेला जीन आला की हे हुक कमी पडतात आणि कोलेस्टेरॉल जन्मापासूनच चढलेलं राहतं, मग मूल कितीही बारीक असो, वडापावला हात न लावणारं असो. साधारण अडीचशे माणसांत एकाला हे असतं, म्हणजे मोठ्या शाळेत चार-पाच मुलं सहज निघतील, आणि त्यांना त्रास काय होतो? काहीच नाही. कबड्डी खेळतात, गड चढतात, दमत नाहीत, आणि धमन्यांच्या आत थर बसायला सुरुवात झालेली असते. दोन्हीकडून जीन आला तर गोष्ट वेगळी, तिथे शाळेच्या वयातच हृदयाचा त्रास सुरू होऊ शकतो, पण ते फार म्हणजे फारच दुर्मिळ.

काही जणांत खुणा दिसतात. टाचेच्या वरची जी जाड शीर असते ना, रक्तवाहिनी नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी, ती अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून बघा, जाडसर, गाठाळ लागते का, हाताच्या बोटांच्या सांध्यांवर गाठी आहेत का. पण मुलांमध्ये बहुतेकदा हे काहीच नसतं, म्हणून रक्त तपासल्याशिवाय इलाज नाही. मुलाचं एलडीएल 190 च्या वर, किंवा घरात लवकर अटॅकची हिस्ट्री असताना 160 च्या वर आलं तर एफएचचा विचार करायचाच.

आणि उपचार आहेत हो, म्हणून तर एवढं कळकळीने सांगतोय. नेदरलँड्समध्ये एफएच असलेल्या 214 मुलांना लहानपणीच स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध, सुरू केलं आणि वीस वर्षं त्यांचा पाठपुरावा केला, 2019 मध्ये ते छापून आलं. वयाच्या 39 पर्यंत या मुलांपैकी 1 टक्क्याला हृदयविकाराचा झटका वगैरे काही झालं होतं, आणि त्यांच्याच एफएच असलेल्या आईवडिलांमध्ये त्याच वयापर्यंत हे प्रमाण 26 टक्के होतं. घराणं तेच, जीन तोच!

'एवढ्याशा पोराला कोलेस्टेरॉलची गोळी?' हा प्रश्न मला दर वेळी येतो. स्टॅटिन साधारण 8 ते 10 वर्षांपासून देतात, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, आणि मुलांची उंची, वयात येणं यावर अभ्यासांत वाईट परिणाम दिसलेला नाही. मुली मोठ्या झाल्या की प्रेग्नन्सीचा विचार करायच्या आधी डॉक्टरांशी बोलायचं, एवढं लक्षात ठेवा.

तर आज घरी गेल्यावर दोन्हीकडच्या नातेवाईकांना फोन करा. पुरुषांना 55 च्या आत, बायकांना 60 च्या आत अटॅक, अँजिओप्लास्टी, बायपास असं कोणाचं झालंय का विचारा, आणि झालं असेल तर घरातल्या सगळ्या मुलांचा लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, करा, दमणाऱ्याचा आणि न दमणाऱ्याचाही. एकाला एफएच निघालं की सख्ख्या भावंडाला असण्याची शक्यता निम्मी असते, त्यामुळे पहिल्या रिपोर्टवर थांबू नका. चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.